ऊन मुरतं कुठे?

मे महिन्याच्या मध्यावर मुंबईत भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली तिच्या बुडाशीच विरून जाते. नागपूरला हाच शून्य सावलीचा दिवस साधारण दहा दिवसांनी, मेच्या अखेरच्या आठवड्यात येतो. म्हणजे त्या पंधरवड्यात दोन्ही शहरांवर सूर्य जवळजवळ सारखाच तळपत असतो. आकाश निरभ्र असेल तर दिवसभरात एका चौरस मीटर जागेवर सहा ते सात युनिट ऊर्जा पडते. विजेच्या बिलावर असतं तेच हे युनिट. तरीही मे महिन्यात नागपूरचं सरासरी कमाल तापमान ४२-४३ अंशांवर जातं आणि मुंबईचं ३३-३४ च्या आसपास थांबतं. रात्री मात्र दोन्ही शहरं एकमेकांच्या जवळ येतात, नागपूर २८ पर्यंत उतरतं, मुंबई २७ पर्यंत. मुंबईला समुद्र आहे म्हणून असं होतं, हे उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं आणि ते खरंही आहे. पण समुद्र नेमकं करतो काय? तो ऊन अडवतो, परतवतो की साठवतो? या प्रश्नाचा नीट माग काढला तर ध्यानात येतं की एखादी जागा किती तापेल हे तिथे ऊन किती पडलं यावर फारसं ठरत नाही. ते ऊन किती खोलवर मुरलं आणि कशात खर्ची पडलं, यावर ठरतं.

पहिली शंका मनात येते ती अशी की पाणी चकाकतं, तेव्हा ते बरंचसं ऊन परत आकाशात धाडत असणार. प्रत्यक्षात उलट आहे. सूर्य वर असताना समुद्र त्याच्यावर पडलेल्या उन्हापैकी फार तर सहा-सात टक्के परतवतो, बाकी सगळं गिळतो. कोरडी, फिकट रंगाची जमीन वीस ते चाळीस टक्के ऊन परत पाठवते. समुद्र जमिनीपेक्षा जास्त ऊन घेतो आणि तरी कमी तापतो, हे ठसठशीतपणे लक्षात ठेवायला हवं. दुसरं उत्तर शाळेच्या पुस्तकातलं: पाण्याची विशिष्ट उष्माधारकता जास्त असते. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला जेवढी उष्णता लागते, तिच्या पाचव्या हिश्शात एक किलो खडक तेवढाच तापतो. हे बरोबर आहे, पण ऊन वजनावर पडत नाही, पृष्ठभागावर पडतं. खडक पाण्याहून जड असतो, त्यामुळे घनमीटराला घनमीटर अशी तुलना केली तर पाच पटींचा फरक घसरून दोन-सव्वादोन पटींवर येतो. कोरड्या मातीशी तुलना केली तर तीन पटींच्या आसपास. मुंबई आणि नागपूर यांच्या हवेतला फरक एवढ्यावर उलगडत नाही. पुस्तकातलं उत्तर चुकीचं नाही, अपुरं आहे, आणि जे त्यात सुटतं तेच या सगळ्याचं मर्म आहे.

विदर्भातलं मे महिन्यातलं काळ्या मातीचं शेत घ्या. कापूस कधीच निघून गेलेला, पऱ्हाट्या उपटलेल्या, जमिनीला हात जाईल एवढ्या भेगा. दुपारी दोन वाजता या मातीचा अगदी वरचा थर ६० अंशांच्या पुढे जाऊ शकतो. अनवाणी पाय ठेवणं अशक्य. पण तिथेच वीतभर खोल उकरलं तर माती एकदम निवलेली लागते, आणि हातभर खाली दिवस-रात्रीचा फरक जवळजवळ पोचतच नाही. कोरडी माती उष्णता फार सावकाश पुढे सरकवते. तिच्या कणांमध्ये हवा अडकलेली असते आणि हवा उष्णतेची वाहक म्हणून अगदीच कुचकामी. म्हणून दिवसभराचं सगळं ऊन वरच्या दहा-पंधरा सेंटिमीटरांतच घुटमळत राहतं. आता हिशोब करून पाहा. सहा-साडेसहा युनिट ऊर्जा कोरड्या मातीच्या दहा सेंटिमीटर थरात कोंडून ठेवली आणि थोडीही बाहेर पडू दिली नाही, तर त्या थराचं तापमान एका दिवसात दीडशे अंशांहून अधिक वाढेल. तसं होत नाही, कारण जमीन ते ऊन ठेवूच शकत नाही. तिच्याकडे ठेवायला जागा नसते, म्हणून दिवस मावळायच्या आत बहुतेक सगळं परत करावं लागतं. ६० अंशांवर पोचलेला पृष्ठभाग दर चौरस मीटरमागे सुमारे ७०० वॉट अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो; २५ अंशांवर असताना तोच साधारण ४५० वॉट टाकत असतो. उरलेली उष्णता तो थेट अंगावरून जाणाऱ्या हवेला देतो. नागपूरचे ४३ अंश म्हणजे जमिनीने नाइलाजाने परत केलेलं ऊन आहे. पुण्यात शेतकी हवामानशास्त्राचा पाया घालणारे एल. ए. रामदास यांनी १९३० च्या दशकात काळ्या जमिनीवर पांढरी भुकटी पसरून मातीचं तापमान कसं उतरतं ते मोजलं होतं. रंग बदलला की येणारं ऊन कमी होतं, हे त्यातून दिसलं. पण रंग हा जमाखर्चाच्या जमेच्या बाजूचा भाग झाला. खर्चाची बाजू कळायला पाण्याकडे वळावं लागतं.

पाण्यात ऊन शिरतं. तांबडा भाग आणि त्यापलीकडचे अवरक्त किरण वरच्या थोड्याशा पाण्यात शोषले जातात, पण निळा प्रकाश स्वच्छ समुद्रात कित्येक मीटर खोल जातो. शिवाय वारा आणि लाटा वरचं पाणी खालच्यात घुसळत राहतात. ही घुसळण ऋतूनुसार वीस मीटरपासून शंभर मीटरपर्यंत पोचते. रात्री वरचं पाणी निवलं की ते जड होऊन खाली बसतं आणि खालचं उबदार पाणी वर येतं. मातीला यातलं काहीच जमत नाही. वर काढलेली तीच सहा-साडेसहा युनिट वीस मीटर पाण्यात मुरवली तर तापमान वाढतं ते जेमतेम पाव अंश. कोकण किनाऱ्यालगतचा समुद्र फेब्रुवारीत २५-२६ अंशांवर असतो आणि मेपर्यंत तीसच्या घरात जातो. जेवढी चढण माती सकाळी नऊपासून बारापर्यंत ओलांडून जाते, तेवढी चढायला समुद्राला तीन महिने लागतात. दुपारी किनाऱ्यावर येणारे खारे वारे आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे सुटणारा मतलई वारा, ज्याच्या भरवशावर शिडाच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या बाहेर पडत आल्या, हे दोन्ही याच फरकातून जन्मतात.

पाण्याकडे आणखी एक वाट आहे, आणि ती मला या सगळ्यात सर्वांत महत्त्वाची वाटते. माठातलं पाणी गार होतं, कारण माठाच्या अंगावर पाझरलेलं थोडं पाणी वाफ होऊन उडून जातं आणि जाताना उरलेल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. एक लिटर पाणी २५ अंशांपासून उकळीपर्यंत तापवायला युनिटाचा अकरावा-बारावा हिस्सा पुरतो. तेच एक लिटर नुसतं वाफ करून उडवायला जवळजवळ दोन तृतीयांश युनिट लागतं, म्हणजे सात-आठ पट. आणि ही सगळी उष्णता थर्मामीटरला दिसत नाही. म्हणूनच तिला अप्रकट उष्मा म्हणतात. समुद्रावर पडलेल्या उन्हाचा मोठा वाटा असा न दिसता हवेत चढतो. ओली जमीन, भरलेलं तळं, पाणी दिलेला ऊस, घनदाट आमराई हे सगळं थोड्याफार प्रमाणात समुद्रासारखंच वागतं. कोरड्या शेतात याच उन्हाला खर्च व्हायला हवा तापवण्याशिवाय दुसरी जागाच उरत नाही.

यावर एक आक्षेप येतो आणि तो आपल्याकडे विशेष येतो, कारण कोकणात गरम पाण्याचे झरे पुष्कळ आहेत. तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी. खाली रत्नागिरी जिल्ह्यात उन्हवरे, आरवली, तुरळ, राजवाडी. खानदेशात उनपदेव आहे, नांदेडकडे उनकेश्वर. काही ठिकाणी पाण्यात हात घालवत नाही. मग जमिनीला खालूनही उष्णता मिळते, ती का मोजायची नाही? जरूर मोजायची, आणि मोजली म्हणूनच तिचं खरं माप कळलं. पृथ्वीच्या पोटातून वर येणारी उष्णता जगभराच्या सरासरीने दर चौरस मीटरला ०.०९ वॉटच्या आसपास आहे. या गतीने एक युनिट उष्णता वर यायला सव्वा वर्ष लागतं. निरभ्र दुपारी सूर्य तेवढी एका तासात देतो. झरे गरम असतात कारण पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल झिरपतं. खाली दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढत जातं, आणि ते पाणी एखाद्या सरळ भेगेतून निवायच्या आत झपाट्याने वर येतं. मोठ्या मुलखाखाली सावकाश साचलेली उष्णता एका कुंडात एकवटलेली आपल्याला दिसते. गंधकामुळे पाणी तापतं ही समजूत सर्वत्र आढळते. तो उग्र वास पाण्यात विरघळलेल्या हायड्रोजन सल्फाइडचा असतो, उष्णतेशी त्याचा संबंध नाही. विहिरीचं पाणी हिवाळ्यात कोमट लागतं तेही पाताळातल्या आगीमुळे नव्हे. दहा-पंधरा मीटर खाली उन्हाळाही पोचत नाही आणि हिवाळाही; तिथे वर्षभराच्या उन्हाची सरासरी टिकून असते, जी जानेवारीत ऊबदार वाटते आणि मेमध्ये गार.

दुसरा स्रोत याहून फार मोठा आहे आणि तरी तो फारसा कुणाच्या बोलण्यात येत नाही. हवेतली वाफ, कार्बन डायऑक्साइड आणि ढग जमिनीने टाकलेले अवरक्त किरण शोषतात आणि त्यांतले बरेचसे परत खाली धाडतात. जगाची, दिवसरात्रीची सरासरी काढली तर पृष्ठभाग सूर्याकडून थेट सुमारे १६० वॉट घेतो आणि आकाशाकडून सुमारे ३४०, म्हणजे दुपटीहून अधिक. ही ऊर्जा मुळात सूर्याचीच, पण ती हाती पडते दुसऱ्या वाटेने, आणि रात्रीसुद्धा. निफाडच्या द्राक्ष बागायतदारांना हे चांगलंच ठाऊक असतं. जानेवारीत हवा कोरडी आणि आकाश मोकळं असेल त्या रात्री वरून परत येणारी उष्णता घटते, पारा दोन-तीन अंशांपर्यंत उतरतो आणि घडांचे मणी तडकण्याची भीती उभी राहते. मग बागेत शेकोट्या पेटतात आणि पहाटे वेलींना पाणी सोडलं जातं. विहिरीतून आलेलं हे पाणी हवेहून कितीतरी उबदार असतं, आणि ओली माती खालची ऊब वर आणायलाही कोरडीपेक्षा तयार असते. ढगाळ रात्री हीच बाग काहीही न करता तग धरते.

आता मोसमी पावसाकडे येऊ, कारण इथे माझ्या मांडणीची खरी कसोटी आहे. एडमंड हॅली यांनी १६८६ साली मोसमी वाऱ्यांची उपपत्ती मांडली: जमीन लवकर तापते, तिच्यावरची हवा वर चढते, तिची जागा घ्यायला समुद्रावरचा वारा धावून येतो. ही उपपत्ती आजही पुष्कळ पुस्तकांत जशीच्या तशी आहे. पण भारतीय हवामान खात्यात काम केलेले आणि मधल्या काळात कॅप्टन स्कॉट यांच्या अंटार्क्टिका मोहिमेवर गेलेले जॉर्ज सिम्पसन यांनी १९२१ साली तिच्यावर बोट ठेवलं. जमीन सर्वांत जास्त तापलेली असते मेमध्ये, आणि पाऊस जोर धरतो जुलैमध्ये, जेव्हा ती बरीच निवलेली असते. ज्या वर्षी पाऊस हुलकावणी देतो त्या वर्षी तर जमीन नेहमीपेक्षा अधिकच तापलेली असते. जमिनीचा ताप हेच इंजिन असतं तर उलट व्हायला हवं होतं. मूळच्या पुण्याच्या, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दीर्घकाळ काम केलेल्या सुलोचना गाडगीळ यांनीही हाच मुद्दा पुढे नेला. मोसमी पाऊस म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या खाऱ्या वाऱ्याचं अवाढव्य रूप नव्हे, तर उष्ण कटिबंधातला ढगांचा पट्टा ऋतूनुसार जमिनीवर सरकून येणं आहे, असं त्या मांडत राहिल्या. जमीन तापल्याने पावसाला वाट मिळत असेल, पण तो चार महिने टिकतो ते वेगळ्याच ऊर्जेवर. मुंबईत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, म्हणजे दर चौरस मीटरवर दोन हजार लिटर. एवढी वाफ ढगात पुन्हा पाणी होताना, वर सांगितलेल्या मापाने, सुमारे १३०० युनिट उष्णता सोडते. चार महिन्यांत विभागली तर दिवसाला दहा-अकरा युनिट. मेमधल्या कडक उन्हाहूनही ही जास्त आहे. पावसाळी मुंबईवर तर ऊन या उष्णतेच्या निम्म्यानेही पडत नाही. ही उष्णता मुंबईवर पडलेल्या उन्हाची नाहीच. ती अरबी समुद्रावर आणि विषुववृत्तापलीकडच्या हिंदी महासागरावर पडली, पाण्यात मुरली, वाफेच्या रूपाने हजारो किलोमीटर प्रवास करून आली आणि आपल्या डोक्यावर काही किलोमीटर उंचीवर मोकळी झाली. अरबी समुद्र जून ते ऑगस्टमध्ये दोन-तीन अंशांनी निवतो. ढगांची सावली, वाऱ्याची घुसळण आणि खालून वर येणारं गार पाणी यांच्याबरोबर या बाष्पीभवनाचाही त्यात मोठा हात असतो. हॅलींची उपपत्ती अडखळते ती तापमानाकडे पाहिल्यामुळे. उष्णता कुठे साठली आणि कुठे सुटली याकडे पाहिलं की सिम्पसन यांचा आक्षेप अडचण राहत नाही.

एक आक्षेप आणखी गंभीर आहे. पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशांनी वाढलं, आणि उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग १९५१ ते २०१५ या त्याहून लहान काळात एका अंशाने तापला. पाणी जर सावकाश तापतं, तर समुद्र जमिनीच्या पुढे कसा गेला? जगभर पाहिलं तर तो पुढे गेलेला नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या तुलनेत जमीन सुमारे १.६ अंशांनी आणि समुद्राचा पृष्ठभाग ०.९ अंशांनी तापला आहे. भारत हा अपवाद आहे आणि त्याची दोन कारणं अभ्यासकांनी पुढे ठेवली आहेत. आपल्यावरच्या हवेत काजळी, धूर आणि धूळ इतकी आहे की त्यामुळे जमिनीवर पडणारं ऊनच घटतं. आणि गेल्या सत्तर वर्षांत सिंचन प्रचंड वाढलं, त्यामुळे जे ऊन पूर्वी कोरड्या जमिनीत हवा तापवत असे त्यातलं बरंचसं आता वाफ करण्यात खर्च होतं. ऊन कशात खर्ची पडतं यावर तापमान ठरतं, याचं याहून मोठं प्रात्यक्षिक कुठे सापडणार? मात्र यावर निर्धास्त होण्यात अर्थ नाही. वाढीव उष्णतेपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक समुद्राच्या पोटात गेली आहे. समुद्राचं वरचं अडीच मीटर पाणी संपूर्ण वातावरणाएवढी उष्णता सामावू शकतं, आणि समुद्राची सरासरी खोली साडेतीन किलोमीटरांहून जास्त. हवेचा आकडा जितका वाढलेला दिसतो त्याच्या कितीतरी पट उष्णता त्या आकड्याबाहेर आहे.

मग जिथे तिथे पाणी शिंपडावं, झाडं लावावीत, शेततळी भरावीत म्हणजे ताप उतरेल का? तापमान उतरेल, कोरड्या विदर्भात, मराठवाड्यात तर नक्की उतरेल, आणि शहरातली तळी बुजवून त्यांवर काँक्रीट ओतणं हा त्यामुळेच मला शुद्ध अविचार वाटतो. पण वाफेत गेलेली उष्णता नाहीशी होत नाही, ती हवेतच असते. मे महिन्यात मुंबईच्या एक किलो हवेत ३३ अंशांचा ताप आणि तिच्यातली वाफ मिळून जेवढी ऊर्जा असते, ती नागपूरच्या ४३ अंशांच्या कोरड्या हवेतल्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. हे ऐकायला विचित्र वाटतं, शरीराला मात्र ते पटतं. माणूस माठासारखाच घामाने निवतो, आणि हवा आधीच वाफेने भरलेली असेल तर घाम उडत नाही, नुसता ओघळतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानात भर उन्हात झालेल्या कार्यक्रमानंतर उष्माघाताने डझनभराहून अधिक माणसं दगावली. त्या दिवशी परिसरातलं कमाल तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. अकोल्यात किंवा चंद्रपुरात हा आकडा एप्रिलमध्ये कुणाच्या नजरेतही भरत नाही. हवामान खातं उष्णतेच्या लाटेचा विचार मैदानी भागात ४० अंशांपासून आणि किनारपट्टीवर ३७ पासून सुरू करतं, यात या फरकाची दखल आहे, पण ती ठोकळ आहे. हवामान वेधशाळेच्या झडपांच्या लाकडी पेटीत दोन थर्मामीटर शेजारी शेजारी असतात: एक कोरडा, दुसरा ज्याच्या फुग्यावर ओलं मलमल गुंडाळलेलं असतं. हा दुसरा थर्मामीटर किती खाली उतरला यावरून घाम किती उडू शकेल ते कळतं. तो ३५ अंशांवर गेला तर सावलीत बसलेला धडधाकट माणूसही फार वेळ तग धरू शकत नाही असं पूर्वी मानत. अलीकडच्या प्रयोगांत ही मर्यादा त्याहून बरीच खाली, ३१ अंशांच्या आसपास आढळली आहे. ठाणे, पनवेल, रत्नागिरीतल्या इमारतींच्या बांधकामांवर दुपारचं काम कधी थांबवायचं, शाळेचं मैदान कधी बंद ठेवायचं, सभा किती वाजता घ्यायची, हे ठरवताना रोजच्या बातम्यांत कमाल तापमानाच्या शेजारी या ओल्या थर्मामीटरचा आकडा छापून यायला हवा. तो मोजला जातोच आहे. वर्तमानपत्रांनी तो मागून घ्यायचा आहे.